घड लागायचं औषध

भागीबाईने बागेतून तो पांढरा कॅन आणला, तेव्हा तिच्या चालीत वरातीपुढे चालल्याचा तोरा होता.

पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावरून माणसं हंगामात जीपने दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जात. भागीबाई घडांची विरळणी करी. तिचा मुलगा भिका पाठीवर पंप घेऊन फवारी; तोंडाला कधी फडकं असे, कधी तेही नसे. सून आशा दोघांच्या भाकरी थापी आणि टोमणे खाई. लग्नाला पाच वर्षं झाली होती. येत्या दिवाळीपर्यंत पोटात काही राहिलं नाही तर तिला माहेरी पोचवायची, असं ठरलं होतं. ठरवलं तेही तिच्यासमोरच, शेळी विकायचं शेळीसमोर ठरवतात तसं.

"हे काय आणलं, आत्या?" आशाने सासूला विचारलं.

"औषध होतं यात. मुकादम म्हणला, मावशे, हे मारलं का वांझ वेलीलाबी घड लागतो." भागीबाईने कॅन राखेने घासला, विसळला, पाण्याने भरला. "आता तू यातलंच पाणी प्यायचं. वेलीला लागू पडतं, तुला का नाय पडायचं?"

मुकादम थट्टेत बोलला होता. पण औषध हा शब्द थट्टेतला नव्हता. तापाचं औषध, खोकल्याचं औषध, द्राक्षाचं औषध. पाड्यावर सगळ्याला तो एकच शब्द.

पाण्याला उग्र वास येई. भागीबाई म्हणे, "वास येतोय म्हंजी अजून गुण हाय." आशा नाक दाबून पिई. पावसाळा सरेपर्यंत तिच्या पाळीचा मेळ पार बिघडला. पाळी लांबली की सासू तिला तूपभात वाढी. आली की भांडी आदळी.

शेवटी सासूने तिला नाशिकला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भिका आला नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणाला.

कॅनचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी लिहिता हात थांबवला. "अंगात काही रस असतात. पाळी कधी, गर्भ कधी, ते सगळं त्यांच्या हुकमावर चालतं. शेतीची काही औषधं तो हुकूम बिघडवतात. तुमचं त्यानेच बिघडलं असं मी आज सांगणार नाही. पण तो कॅन फेका. आणि नवऱ्याला आणा. रोज फवारतो तो, त्याचीही तपासणी हवी."

"माझं पोरगं पंप घेऊन डोंगर चढतं," भागीबाई उठलीच. "त्याला कसली तपासणी?"

परतीच्या एसटीत ती सुनेपासून दोन बाकं सोडून बसली.

घरी येताच आशाने कॅन अंगणात नेला आणि विळ्याने फोडला. पाणी मातीत जिरलं.

"बघ भिका, औषध सांडलं हिनं," भागीबाई उंबऱ्यातून म्हणाली. "हिलाच पोर नको हाय."

"विष होतं ते," आशा नवऱ्याला म्हणाली. "तुमच्याबी अंगात तेच गेलंय. एकदा दवाखान्यात चला."

भिकाने आपल्या पिवळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"सकाळच्या गाडीनं पोचवतो हिला," तो म्हणाला. दिवाळीचीही वाट पाहिली नाही.

फाल्गुनात भिकाने दुसरी केली. संध्या तिचं नाव. तिची हळद उतरायच्या आत भागीबाई मुकादमाकडून नवा कॅन मागून घेऊन आली. या खेपेला तिने तो राखेने घासला नाही.

"घासलं का गुण जातो," ती संध्याला म्हणाली, आणि पेला भरून पुढे केला.