काज-बटणांचे तास

सरकारी पाहणीची बाई टॅब घेऊन आली, तेव्हा आमचे हे शिलाई मशीनवर होते आणि मी खिडकीपाशी शर्टांना काजं करत होते. स्वतःचा धंदा करणारी माणसं किती, ती किती तास राबतात, हे तिला मोजायचं होतं. यांची छाती लगेच दोन इंच फुगली. आख्ख्या गल्लीची मापं घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या छातीचं माप कधी बरोबर घेता आलेलं नाही.

"इथे काम करणारे किती जण?" तिनं विचारलं.

"मी एकटाच."

"आणि या ताई?"

"ती घरीच असते. काही करत नाही."

पंचवीस वर्षं मी घरीच असते, खरं आहे. दुकानही घरातच आहे. निदान त्या टॅबमध्ये तरी माझं काम काम म्हणून नोंदलं जावं, असं मला फार वाटत होतं. मी सुई उशीत टोचली आणि हातावर हात ठेवून बसले.

"गेल्या आठवड्यात किती शर्ट झाले?"

"बावीस!" हे थाटात म्हणाले. यांच्या लेखी मशीनवरून उतरला की शर्ट झाला. काजं-बटणं म्हणजे नंतरचं किरकोळ.

तेवढ्यात शाळेतले मास्तर आपला शर्ट न्यायला आले. "तयार आहे," म्हणत यांनी तो ढिगातून काढून दिला. मास्तरांनी अंगावर चढवला, पुढून दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "वर्गात असाच उभा राहू का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

पाहणीवाली हुशार निघाली. तिनं खुर्चीच माझ्याकडे वळवली. "ताई, बटणं तुम्ही लावता? रोज किती तास?"

आता आली का पंचाईत! इतकी वर्षं मनातल्या मनात भांडले, पण तास कधी मोजलेच नव्हते. "तास कसले," मी म्हणाले, "बसल्या बसल्या करते. टीव्ही बघता बघता." म्हटलं आणि जीभ चावली.

"मग शून्य टाकू?"

"सहा टाका," हे मान वर न करता म्हणाले. "सकाळी दोन, दुपारी तीन, रात्री जेवणानंतर एक. आणि टीव्ही बंद पडून दोन वर्षं झाली."

मला भरून आलं आणि सणकून रागही आला. इतकं नेमकं ठाऊक होतं, तर पंचवीस वर्षं तोंडाला काय कुलूप होतं? ती बाई गेली की विचारणारच होते. पण मास्तर अजून शर्ट धरून उभे होते, म्हणून आधी सुई उचलली.