तरीवाल्यासाठी दोदोल

आरोंद्याच्या खाडीतली म्हणून ठेवलेल्या तिसरीचा शिंपला कडेला दीड मिलिमीटरपेक्षा जरासा कमी जाड भरला. मिठबावच्या खाडीतलाही तेवढाच. सँड्रीनाने व्हर्नियर पुसून पुन्हा लावला. फरक नव्हताच.

विभागप्रमुख सर मात्र खूश होते. आठ खाड्यांच्या तिसऱ्यांत काहीच फरक नाही, हा केवढा नवा निष्कर्ष! आज ते शोधनिबंध छापायला पाठवणार होते. निबंध दोघींचा, एकाच कॉलेजात तासिकेवर शिकवणाऱ्या सँड्रीनाचा आणि शर्मिलाचा. तो छापून आला तर दोघींची नोकरी कायम होणार होती. सँड्रीनाची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून खाड्यांवर जाऊन तिसऱ्या आणायच्या शर्मिलाने, आणि मोजून मॉडेल बसवायचं सँड्रीनाने, अशी वाटणी होती.

मॉडेल मिश्र परिणामांचं. साधं मॉडेल सगळ्या तिसऱ्या एकाच टोपात ओततं. हे मात्र विचारतं, शिंपल्याच्या जाडीतल्या फरकात खाडीचा वाटा किती आणि नमुने आणण्याच्या फेरीचा किती? खाडीचा वाटा संगणकाने शून्य दिला. वर इशारा, सिंग्युलर फिट, म्हणजे खाडीच्या नावावर मोजण्याजोगं काहीच नाही. सँड्रीनाने आधी स्वतःलाच दोष दिला. खाड्यांच्या नावांची स्पेलिंगं तपासली, गणिताची पद्धत बदलून पाहिली. शून्य हललं नाही. सगळा फरक फेरीकडे गेला होता. डबीवर नाव कुठल्याही खाडीचं असो, एका फेरीतल्या तिसऱ्या सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. जणू एकाच टोपलीतल्या.

हे कळूनही पंधरा दिवस तिने तोंड उघडलं नव्हतं.

"शर्मिला, ह्यो तिसऱ्यो खंयच्यो?" आज समोर बसलेल्या मैत्रिणीला तिने विचारलं.

"डबयेर लिवलाहा मां."

"तू सांग."

शर्मिला हातातल्या पर्सची उगाच उघडझाप करत राहिली. "बाजारातल्यो. एकाच बायेकडसून घेय होतंय. दर शनवारी आठ खाडये कोण फिरतला गो? सर खूश आसत मां? मगे गप रव."

सँड्रीनाला शिंपले आठवायला हवे होते. आठवला आरोंद्याचा तरीवाला, होडीने माणसं खाडीपार नेणारा. दर शनिवारी संध्याकाळी शर्मिला आईच्या पलंगाशी बसून त्याच्या गमती सांगायची. एका डोळ्यावर टोपी ओढलेला. "मास्तरणी, जेवण कमी कर, होडी बुडतली" म्हणणारा. आई पोट धरून हसायची. घराबाहेरचं जग तिला शर्मिलाच्या तोंडूनच दिसायचं. नाताळात आईने सँड्रीनाकडून त्याच्यासाठी नारळाच्या दुधातलं गोड दोदोल ढवळून घेतलं, गूळ स्वतः चाखून पाहिला, आणि केळीच्या पानाची पुडी पडल्यापडल्या स्वतःच बांधून शर्मिलाकडे दिली.

"आणि तो तरीवालो?"

शर्मिला हसायला गेली आणि थांबली. "आयेक बरा वाटा होता म्हणान रचून सांगलंय..."

"दोदोल कोणी खाल्ल्यान?"

शर्मिलाने पर्स मिटून बाजूला ठेवली.

"आय अजून इचारता माका, त्येका आवाडला काय म्हणान," सँड्रीना म्हणाली.

"सँड्री, तुझीय नोकरी जातली हां."

सँड्रीनाने फोन लावला. सरांनी लगेच उचलला. "काय, पाठवू ना मग?"

समोर शर्मिलाने हात जोडले होते. त्याच हातांत आईने ती पुडी दिली होती.

"नको, सर," सँड्रीना म्हणाली. "निबंध पाठवायचा नाही. या तिसऱ्या त्या खाड्यांतल्या नाहीत."