टेबलाखालचं काम

माझा धाकटा भाऊ घरोघरी वायरिंगची कामं करत फिरतो. हातात आलेली गोष्ट सोडत नाही, म्हणून लहानपणापासून त्याला सगळे पक्कडच म्हणतात. त्याला मी फोन करून सांगितलं, "उद्या ये आणि तुझ्या भाऊजींची गाडी एकदाची सुरू करून दे."

गाडी म्हणजे खेळण्यातली. खेळण्यातली म्हटलेलं आमच्या ह्यांना खपत नाही, पण सध्या ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, तेव्हा म्हणून घेते. मागची अख्खी खोली त्या गाडीने खाल्ली आहे. तिन्ही भिंतींना लागून कमरेएवढं टेबल, त्यावर रूळ, पूल, बोगदा, स्टेशन, आणि स्टेशनात बोटाच्या पेराएवढी माणसं. त्या माणसांना बसायला बाकसुद्धा आहेत. माझ्या शिलाई मशीनला मात्र त्या खोलीत जागा झाली नाही. ते स्वयंपाकघरात फ्रिजच्या बगलेत उभं आहे.

वरचं सगळं कधीच बांधून झालं होतं. राहिली होती ती खालची वायरिंग. रुळांतून वीज खेळते आणि तिच्यावर इंजिन चालतं. पण एवढ्या लांबलचक रुळांना एकाच टोकाला वीज दिली, तर शेवटच्या घराच्या नळासारखी गत होते, पोचेपर्यंत धार करंगळीएवढी. गाडी कण्हत कण्हत मध्येच थांबते. म्हणून टेबलाखालून दोन जाड वायरी खोलीभर फिरवायच्या आणि थोड्या थोड्या अंतरावर त्यांच्यापासून बारीक वायरींची एकेक जोडी वर रुळांना द्यायची. लाल वायर आतल्या रुळाला, काळी बाहेरच्या. ह्या जोडीला फीडर म्हणतात. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण निवृत्त झाल्यापासून हे रोज जेवले की "जरा फीडर जोडतो" म्हणत टेबलाखाली शिरायचे, ते चहालाच बाहेर निघायचे.

मी थोडीच गप्प बसणार! "काय स्टेशनमास्तर, गाडी सुटणार कधी?" असं रोज विचारायची. पाहुणे आले की त्यांना ती खोली दाखवायची आणि म्हणायची, "ही माझी सवत. नटून बसलीय नुसती, काडीचं काम करत नाही." पाहुणे हसायचे. हेही हसायचे, आणि थोड्या वेळाने उठून टेबलाखाली जायचे. "झालं का?" म्हणून मी हाक मारली की खालून उत्तर ठरलेलं, "थोडं राहिलंय."

मग गुडघे गेले. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, मांडी घालणं, ओणवं होणं, रांगणं आता कायमचं बंद. ह्यांनी नुसती मान हलवली. पण घरी आल्यापासून माणूस विझतच चाललाय. व्यायाम करत नाहीत, ताटातलं चिवडत बसतात, आणि उरलेला दिवस पुढच्या खोलीत पलंगावर पडून काढतात. मी शेजारी बसून बोलते, बातम्या सांगते, चिडवते. हूं नाही की चूं नाही. असेच पडून राहिले तर पाय आखडतील आणि मग उठणं विसरा, असं व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. मला वाटलं, ज्या गाडीसाठी एवढी वर्षं घासली ती डोळ्यांसमोर धावली, तर हा माणूस उठेल. दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

पक्कड आला, चहा प्यायला आणि टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरला. मग त्याने एक उशी बाहेर सरकवली.

"ताई, ही तुझी का गं?"

माझीच होती. ती हरवली म्हणून मी कामवालीला नको नको ते बोलले होते. उशीमागून एक घडी केलेली गोधडी आली, पाण्याची बाटली आली, छोटा दिवा आला. "भाऊजींनी संसारच थाटलाय इथे," पक्कड म्हणाला. मीही हसले.

"किती काम राहिलंय ते सांग."

"काहीच नाही. सगळ्या जोड्या वर रुळांना लावून झाल्यात. फक्त खालच्या जाड वायरींना टेकवायच्या ठेवल्यात. बोटभर अलीकडे सोडल्यात, सगळ्याच. एका दुपारचं काम आहे."

"मग इतकी वर्षं करत काय होते?"

मीच वाकून आत डोकावले. त्याने टॉर्च धरला. जिथे जिथे वायर रुळाला जोडलेली, तिथे तिथे सोल्डरच्या कथलाचे गोळे झालेले. डाग द्यायचा, वितळवून काढायचा, पुन्हा द्यायचा, असं इतक्यांदा केलेलं की त्या जागची फळी भाजून काळी पडली होती. कोपऱ्यात एक डबा होता आणि तो कापलेल्या वायरींच्या तुकड्यांनी काठोकाठ भरला होता.

"भाऊजी काटेकोर आहेत," पक्कड म्हणाला. "मनासारखं होत नसेल." हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला, म्हणून मला पटलं नाही.

पण मी हटले नाही. तो जोडत गेला, मी टेप कापून देत गेले. सगळ्या जोड्या झाल्यावर त्याने बटण दाबलं, तर रुळांना वीज देणारं यंत्र पीं पीं करून बंद पडलं. कुठेतरी शॉर्ट होतं. पक्कड पुन्हा आत गेला आणि एकेक जोडी सोडवून बघत शेवटी पार कोपऱ्यात, बोगद्याच्या पलीकडे पोचला. तिथे लाल वायर काळीच्या जागी होती आणि काळी लालच्या.

"उलटी लागली असेल चुकून," मी म्हणाले.

"ताई, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडण्यात गेला भाऊजींचा जन्म. त्यांची अशी चूक होईल? आणि हे बघ, एवढ्या एकाच जोडीवर पांढरी टेप गुंडाळलीय. त्यांना ठाऊक होतं. खुणेसाठी ठेवलीय."

"पण कशाला?"

"कुणी सगळं जोडलंच, तरी गाडी सुटू नये म्हणून." तो बाहेर आला, हात पुसत बसला. "ताई, माझं ऐक. इथेच थांबू. मला जमलं नाही म्हणून सांगतो त्यांना. वाटल्यास माझी टिंगल कर."

मला कळलं. न कळायला मी काही दुधखुळी नाही. टेबलाखाली काम काही नव्हतंच. तिथे मी नव्हते, म्हणून ते तिथे होते. पण कळून करू काय? पलीकडे माणूस दिवसेंदिवस संपत होता आणि माझ्या हातात हे एवढंच औषध होतं. आणि रागही आला होता, तोही सांगून टाकते.

"सरळ कर ती," मी म्हणाले.

त्याने केली. गाडी निघाली. पुलावरून गेली, बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर आली, आणि कुठेही कण्हली नाही. फार सुंदर धावत होती. मी पुढच्या खोलीत जाऊन म्हटलं, "अहो, उठा बघू, एक गंमत दाखवते."

आवाज त्यांनी ऐकलाच होता. ते स्वतःहून उठले. वॉकर धरून एकेक पाऊल टाकत आले, आणि मला वेडीला वाटलं, जिंकले मी.

ते दारातच थांबले. गाडीची एक फेरी पुरी होऊ दिली.

"बोगद्यापलीकडची जोडी?" त्यांनी विचारलं.

"सरळ केली, भाऊजी." पक्कड मान खाली घालून उभा होता.

"मी करायला लावली," मी म्हणाले.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "तेवढी एकच जागा होती मला."

"एवढं मोठं घर आहे," मी म्हणाले.

"आहे की," ते म्हणाले.

मग त्यांनी वॉकर वळवला आणि आले तसे एकेक पाऊल टाकत परत गेले. पुढच्या खोलीचं दार लागलं. त्या दाराला आतून कडी नाही. थोड्या वेळाने फरशीवरून काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज आला, थांबत थांबत, दारापर्यंत. लाकडी खुर्ची होती. तसल्या गुडघ्यांनी ती त्यांनी कशी ओढली असेल, देव जाणे.