तळाशी राहिलेली लस

आमच्या दादाला सगळं येतं. नळ गळू दे, टीव्ही बंद पडू दे, दादा पक्कड घेऊन हजर. मी पाच वर्षं घासून जनावरांची डॉक्टर झाले, पण घरात डॉक्टर तोच. लेकीसाठी त्याने ढब्बू हे पिल्लू आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, लसीला दवाखान्यात घेऊन ये. तर म्हणे, "बाबांना दहा वर्षं इन्सुलिन मीच टोचलं. कुत्र्याला टोचायला काय अक्कल लागते?"

लस त्याने दुकानातून आणली आणि घरीच टोचली. वर शेजारधर्म म्हणून इमारतीतल्या आणखी तीन पिल्लांनाही. कार्डांवर लेबलं चिकटवली, खाली ऐटीत सहीसुद्धा ठोकली.

परवा भाची ढब्बूला टॉवेलात गुंडाळून माझ्या दवाखान्यात आली. उलट्या आणि रक्ताचे जुलाब. पार्वो, पिल्लांमध्ये झपाट्याने पसरणारा जीवघेणा रोग. दोन दिवस सलाईन लावून मी त्याच्याशेजारी बसले. आज दुपारी तो गेला. टेबलाला डोकं टेकून भाची हमसून हमसून रडत होती, आणि दादा? दादा कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता.

"बनावट लस! केसच ठोकतो. पुरावा जपून ठेवलाय मी!"

त्याने खोका टेबलावर आपटला. मी बाटल्या उचलून पाहिल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या लसीच्या प्रत्येक डोसाच्या दोन बाटल्या असतात. एकीत नुसतं पाणी, दुसरीत तळाशी सुकी पांढरी वडी. ती पाण्यात विरघळवून टोचायची. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत्या. वडीच्या एकाही बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं.

"दादा, या का नाही वापरल्यास?"

"त्यांच्या तळाशी बुरशी धरली होती. म्हणून स्वच्छ तेवढीच टोचली."

"सगळ्याच बाटल्यांना बुरशी? अरे, एकदा फोन करून विचारायला तुझं काय जात होतं? ती बुरशी नाही, तीच लस आहे!"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता तरी हा लेकीला जवळ घेईल. त्याने आधी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इमारतीत बोलू नकोस हं. त्या तिघांना तू गुपचूप परत टोच. माझी काय लाज राहील?"

लाज! टेबलावर पिल्लू अजून गार व्हायचं होतं.

भाचीने डोकं वर केलं. "आत्या, ती तिघं रोज ढब्बूबरोबर बागेत खेळतात. आत्तासुद्धा तिथेच असतील."

ती दाराकडे धावली. मी तिचा दंड धरला. तिच्या कपड्यांवर तोच रोग होता, तो पिल्लांपर्यंत न्यायचा नव्हता. मी फोन दादापुढे धरला. त्याने हात मागे घेतला.

भाचीने डोळे पुसले, माझ्या हातून फोन घेतला आणि नंबर लावला.

"काकू, पिल्लाला आधी बागेतून आत घ्या. बाबांनी त्याला लस दिलीच नाहीये. नुसतं पाणी टोचलंय."