दुसरी फेरी

"डाक्तर, दमानं टोचा. बोट हाय माजं, फणस नाय," गोधडी सावरत सकुबाई म्हणाली.

सुरेंद्र हसला. तो काही डॉक्टर नव्हता. तानसाकडच्या पाड्यांवर तापाची माणसं शोधत फिरणारा हिवताप खात्यातला साधा कर्मचारी. पाड्यावरच्या सगळ्या बाया त्याला भाऊ म्हणत. एकट्या सकुबाईनं ते टाळलं होतं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारची ठकू मोठी वस्ताद. "हिवतापाला तुजंच घर बरं सापडतं गो!" असा टोमणा ती हटकून मारायची.

पूर्वी रक्ताची काचपट्टी शहापूरला जायची. मग रिपोर्ट सांगायला सुरेंद्र पुन्हा यायचा. ओटीवर टेकायचा, गवती चहा घातलेला कोरा चहा प्यायचा, कधी आपल्या गेलेल्या बायकोचं बोलायचा. त्या दुसऱ्या फेरीची सकुबाई वाट बघायची. अगदी खुळ्यासारखी बघायची.

शिवाय टोचल्यावर कापूस लावून बोट तोच दाबून धरायचा, रक्त थांबेपर्यंत. आज त्याचे दोन्ही हात गुंतलेले. थेंब घेतलेली काच त्यानं डब्याएवढ्या यंत्रात सरकवली, वर मोबाईल बसवला.

"कापूस तुमीच धरा दाबून," तो म्हणाला. "आता शहापूरची भानगड नाय. टॉवर आलाय ना, फोटो फास्ट जातो. जंतू हाय का नाय ते तिकडं कंप्युटरच बघतो. एआय म्हनतात त्याला."

"मंग तुमी परत कदी येनार?"

"कशाला? रिपोर्ट आत्ताच मिळतो. हिवताप निघाला, तर मातर पंधरवडाभर गोळ्या. त्या घेता का नाय, ते बघाया येईन."

सकुबाईनं डोळे मिटले. माणूस देवाकडं काय काय मागतं! तिनं हिवताप मागितला. मनापासून मागितला, आणि मागताना तिची तिलाच लाज वाटली.

चुलीवरच्या चहाला आधण यायच्या आत मोबाईल वाजला.

"नाय! साधा ताप हाय. सुटलात, सकुबाई!" सुरेंद्रचा चेहरा खुलला. बिचारा खरोखर खूश झाला होता, त्याला काय बोलणार? त्यानं तापाच्या गोळ्या दिल्या, यंत्र पिशवीत घातलं.

"च्या ठेवलाय."

"आज नको. अजून पाडे करायचेत, टाइम नाय."

तो पायवाटेनं उतरला, आंब्याआड दिसेनासा झाला. कुडापलीकडून ठकूनं हाळी दिली, "काय निंगालं गो?"

"काय नाय," सकुबाई म्हणाली.

रक्त केव्हाच थांबलं होतं. तरी ती बोटावरचा कापूस दाबून बसून राहिली.