मावशींची सोय

बाळाची कॉट रिकामी होती.

तिने खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती. प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र बंद पडलं म्हणून दुपारीच सुट्टी मिळाली, आणि आपण अवचित समोर उभं राहिल्यावर गुंड्या कसा खुदकन हसेल हे मनात घोळवत ती जिना चढली होती. झोपला असेल तर जागा होऊ नये म्हणून घंटा न वाजवता तिने किल्लीने दार उघडलं. आत चाहूल नव्हती. कॉटमधली चादरही जागेवर नव्हती.

"मावशी?"

चपला न काढताच ती आत शिरली.

मावशी कामाला लागून महिना होऊन गेला होता. त्यांच्याआधीच्या दोघी टिकल्या नव्हत्या. पहिली फोनला चिकटलेली असे, आणि दुसरीला गुंड्यानेच भोकाड पसरून नापास केलं होतं. मावशींकडे मात्र तो पहिल्याच सकाळी असा झेपावला की जणू मागच्या जन्मीची ओळख. मग तिने ठरवलं, या बाईंना आपल्या घरात जराही अवघडल्यासारखं वाटता कामा नये. खिडकीशी हातांची खुर्ची ठेवली, पाठीला उशी दिली. बिस्किटांचा डबा, रोज थर्मास भरून चहा. धुतलेला टॉवेल. ही सगळी मांडामांड बघून नवरा म्हणाला होता, "बाळ सांभाळायला येतायत, की जावईबापू मुक्कामाला?"

"जावई रुसला तर चालेल," ती म्हणाली होती. "या रुसल्या तर माझी नोकरी जाईल."

त्यात खोटं काही नव्हतं. रजा संपली होती आणि वाढवून मिळणार नव्हती.

ती स्वयंपाकघरात डोकावली. कुणी नाही. गॅलरीचं दार लावलेलं होतं, तरी तिने ते उघडलं, कठड्यावरून खाली पाहिलं, आणि पाहताना आपण काय शोधतोय हे कळून ती झटकन मागे सरली. तेवढ्यात आतून पुटपुटल्यासारखा आवाज आला.

"झालं हं राजे. झालंच. आत्ता होईल."

आतल्या बोळाच्या टोकाला बाथरूमचं दार सताड उघडं होतं. आत मावशी कमोडवर बसल्या होत्या. कॉटमधली चादर त्यांनी छातीशी करकचून बांधली होती, तिच्या झोळीत गुंड्या होता आणि तो त्यांच्या गळ्यापाशी असलेलं बटण तोंडात घालायच्या खटपटीत होता. मावशींचे डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम होता.

"हे काय चाललंय!"

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. मावशींनी डोळे उघडले. त्या दचकून उठल्या नाहीत; उठण्याची सोय नव्हती. एका हाताने त्यांनी गुंड्याचं डोकं झाकलं, दुसऱ्याने स्वतःचे गुडघे.

"ताई," त्या हळू म्हणाल्या, "तोंड फिरवा हो."

ती भिंतीकडे वळली. शिसारी, संताप, लाज यांतलं नेमकं काय होतंय ते तिला कळेना. "माझ्या बाळाला घेऊन... संडासात..." ती भिंतीशीच बोलत होती.

पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ नळाचा. मावशी बाहेर आल्या, चादरीची गाठ सोडून त्यांनी गुंड्याला तिच्या हातात दिलं. "साबणाने धुतलेत हात," त्या म्हणाल्या. "त्याचेपण."

"अहो, दार तरी लावायचं! आणि त्याला कशाला आत न्यायचं?"

"मग ठेवू कुठं?"

"कॉटमध्ये!"

"कठड्यावर पाय टाकतो तो. तुम्हीच दाखवलंत मला. एक क्षणही नजर हलवायची नाही, म्हणालात."

ती म्हणाली होती. पहिल्याच दिवशी, खुर्ची दाखवून झाल्यावर.

"म्हणजे रोज असंच करता तुम्ही?"

"छे हो!" मावशींना ते फारच लागलं. "रोज कशाला? मी जातच नाही."

"जात नाही म्हणजे?"

"सकाळी घरून उरकून येते. मग संध्याकाळी घरी गेल्यावर. मधे पाणीच प्यायचं नाही, की झालं." भाजी जास्त दिवस कशी टिकवायची ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

ती खुर्चीच्या हातावर टेकली. प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर दिवसभर लघवीचेच नमुने येत. नळी उजेडात धरली की ही व्यक्ती पुरेसं पाणी पीत नाही, हे ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आत सांगे. आणि परवाच मावशींचे फुटलेले ओठ पाहून तिने त्यांना लावायला मलमाची डबी दिली होती. मलम!

"पण थर्मास तर रोज रिकामा असतो."

मावशी ओशाळल्या. "ओतून देते. तुम्ही एवढ्या मायेने करता, भरलेला परत कसा करू?"

"मावशी, कधीपासून हे?"

"खूप घरं झाली." त्यांनी गुंड्याचं ओलं लाळेरं सोडून हातात घेतलं, त्याची घडी घालायला लागल्या. "आधी नव्हते अशी. एका घरी मुलगी होती, याच्याएवढीच. मी जरा आत गेले, तेवढ्यात पलंगावरून पडली. टेंगूळ आलं, दुसरं काही नाही. संध्याकाळी खेळत होती. पण तिच्या आईने विचारलं, तुम्ही कुठं होतात? साहेब उभे, साहेबांचे वडील उभे, शेजारचे दोघं आलेले. आता चारचौघांत काय सांगू, कुठं होते? गप्प राहिले. त्यांना वाटलं, झोपली होती बया."

"सांगायचं होतं ना!"

"हो ना. आता वाटतं तसं. ती पोरगी आता नोकरीला लागलीय, मागे दिसली होती बसला उभी."

तिने मनाशी वर्षं मोजायला घेतली आणि अर्ध्यातच सोडून दिली.

"मग आजच काय झालं?"

"चार दिवस आग होतेय. आज राहवेचना." मावशींनी लाळेऱ्याची घडी पुन्हा मोडली. "ताई, काढणार असाल तर आत्ताच सांगा. राजे झोपले की जाते. जागेपणी गेले तर रडतील."

तिने फोन काढला, नवऱ्याला लावला आणि आवाज मोठा करून मध्ये धरला.

"ऐक. बाळ कॉटमध्ये एकटं पाच मिनिटं रडलं तर काय होईल?"

"काय व्हायचंय? गळा मोकळा होईल. का गं?"

"आणि कठड्यावरून पडलं तर?"

"पडला का?"

"नाही."

"मग... खाली गाद्या टाकू. चारी बाजूंनी. अगं, पण झालंय काय?"

"मावशींना बाथरूमला जायचंय."

"जाऊ देत की मग! हे विचारायला फोन केलास?"

मावशींनी तोंडावर हात दाबून धरला होता. हसत होत्या की काय ते कळेना. फोन बंद झाल्यावर हात खाली घेऊन त्या म्हणाल्या, "साहेब चांगले आहेत. पण बोललेलं खरं म्हणजे, मूल पडल्यावर कुणाला आठवत नाही हो."

आठवेल, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण मघाशी बोळात ओरडताना तिला तरी काय आठवलं होतं? मूल पडलंही नव्हतं तेव्हा. तिने दोन्ही खोल्यांतल्या गाद्या ओढून आणल्या आणि कॉटभोवती पसरल्या. मग पाण्याचा मोठा पेला भरून मावशींसमोर धरला. त्यांनी सवयीने बाथरूमच्या दिशेला पाहिलं, मग गुंड्याकडे, आणि औषध घ्यावं तसा पेला एका दमात संपवला. दुसराही. थोड्या वेळाने तिने कपाटातून नमुन्याची बाटली काढून दिली.

"हिच्यात द्या. उद्या मीच तपासते. याला मी घेतलंय."

मावशी आत गेल्या. दार नुसतं लोटलं.

"ताई, आहात ना?"

"आहे."

"राजे?"

"कडेवर आहेत माझ्या. निवांत होऊ द्या."

"उतरवलं तर नाही ना खाली?"

"नाही, मावशी."

गुंड्याने दाराकडे हात करून एक हुंकार दिला. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. कडी नवीनच होती, तरी मावशींच्या हाताला दोनदा अडली, आणि मग लागली.

असं दाराशी कान देऊन उभं राहणंही बरं नव्हे, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. गुंड्याला घेऊन ती गॅलरीत गेली, जिथून ते दार दिसत नव्हतं.