बाराचा दिवा

कमरेला खोचलेला मोबाईल थरथरला तेव्हा रेश्माचे दोन्ही हात पिठात होते. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. मोबाईल थरथरून गप्प झाला, पुन्हा थरथरला.

"आगं, तुझा वाजतोय न्हवं," हरणाबाई चुलीत लाकूड सारत म्हणाली.

"वाजू दे."

"रोज बारा वाजलं की पळत सुटतीस. घरात दूध उतू जाऊ दे न्हाईतर म्हस दावं तोडू दे. आज काय झालं?"

"आज न्हाई जायाचं, काकी."

हरणाबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि धुरानं डोळ्यांत आलेलं पाणी पदरानं पुसलं. देवळाशेजारच्या मांडवात सात चुली पेटल्या होत्या. सप्ताहाचा सहावा दिवस. पुढे सभामंडपात वीणा उभी होती आणि तिच्या तारेवर "राम कृष्ण हरी" सकाळपासून एकाच चालीत चाललं होतं.

रेश्मानं हे काल ठरवलं होतं. कीर्तनानंतर.

बुवा असे रंगात आले होते की मागची पोरंसोरंही पुढे सरकली. अभंग सोडून ते दृष्टान्तात शिरले, मृदंग हळू झाला, आता पुढं काय म्हणून सगळा मांडव कान देऊन बसला. आणि रेश्मा खांबाला टेकून झोपून गेली. जागी झाली तेव्हा आरती चालली होती. माहेरी असताना एका कीर्तनासाठी शेतातल्या वाटेनं दोन कोस चालत जाणारी बाई ती. शेजारची कुणीतरी हसली. रेश्मालाही हसू आलं, पण घरी आल्यावर चपला काढताना तिला रडूच फुटलं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, धूप डोळ्यांत गेला.

आता बस. उद्यापासून दिवा लावायचा नाही. उद्या म्हणजे आज.

दिवा मोबाईलमधला होता. जयराज, तिचा नवरा, आणि त्याचे चार मित्र आष्ट्याच्या शाळेत एका बाकावर वाढलेले. पुढं दोघं फौजेत गेले, तिघं पुणे-सुरतेकडं पांगले. रोज भेट व्हावी म्हणून त्यांनी एका खेळात जथा केला होता. राक्षस, किल्ले, उडते पक्षी, असला खेळ. त्यात एका बुरुजावर जथ्याचा दिवा असे. दुपारी बारा ते एक या वेळात पाचही जणांनी येऊन त्यात तेल घालायचं. एक जरी चुकला तरी दिवा विझायचा आणि मोजणी परत पहिल्या दिवसापासून. जयराजची बदली बर्फातल्या ठाण्यावर झाली, तिथं मोबाईल चालत नव्हता. निघताना बूट बांधता बांधता तो म्हणाला होता, "मी येईस्तवर माझा दिवा तेवढा तू सांभाळ. माझ्या हातनं नको विझायला."

पहिले दोन महिने तिला गंमत वाटली होती. धिप्पाड धनुर्धारी होऊन हिंडायचं. एकदा तर ती पक्ष्यावर बसून समुद्राच्या पलीकडं गेली आणि इकडं आमटी करपली. पण तेल फुकट मिळत नव्हतं. त्यासाठी रोज जंगलात जाऊन तीस लांडगे मारायचे. तेच जंगल, तेच लांडगे. मारलेला लांडगा दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली उभा असे. पहाटेची धार काढायची, लेक प्रांजलचा शाळेचा डबा भरायचा, लोकांचे ब्लाऊज शिवायचे, आणि त्यातनं तीस लांडगे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आता सुई धरतानाही कळ यायची. तिच्या हातचा आजचा दिवस चारशे तेरावा होता.

आणि बोलायला तिथं कुणी नव्हतं. जयराजच्या नावानं आपण काय बोलणार, म्हणून ती फक्त हात जोडल्याची खूण पाठवायची. बाकीचे चौघंही तेवढीच खूण पाठवायचे. एवढे जिवाभावाचे मित्र, पण एका शब्दानं कधी चेष्टा नाही, शिवी नाही. कामाच्या गडबडीत असतील, असं ती समजायची.

आज न लावायचं ठरवूनही सकाळी चुलीपुढं बसून तिनं तीस लांडगे मारलेच होते. हाताला वळण पडलेलं.

"रेश्मा, हे तांब्याभर पाणी ईण्यापाशी दिऊन ये," हरणाबाई म्हणाली. "जोतिबा अण्णा धापासनं हुबा हाय. बारापातूर त्येचा पहारा हुता. बिरदेव अजून आला न्हाई, त्येचा टॅक्टर पंचर झालाय म्हणं मळ्यात."

रेश्मानं हात झटकले आणि तांब्या उचलला.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि दुसरा आला नाही तर पहिल्यानं उभं राहायचं. जोतिबा अण्णा तसे उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यांना कापडी पट्टे बांधलेले. तारेवरचं बोट चालत होतं, पण पाय थरथरत होते. त्यांचा मुलगा शंभूराज हा जयराजचा मित्र. पाचातला दुसरा फौजी.

तिनं पाणी पाजलं. अण्णांनी दोन घोट घेतले आणि इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला.

"किती वाजलं, पोरी?"

"पाऊण वाजत आला."

"मग एक काम कर. माज्या बंडीच्या खिशात मोबाईल हाय. काढ त्यो."

"कुणाला फोन लावू?"

"फोन न्हाई गं. त्यात एक बुरूज हाय. बुरजावर दिवा हाय." वीणेची तार थांबू न देता ते बोलत होते. "तेवढं तेल घाल. एकाच्या आत घालाया पायजे. न्हाईतर इझतोय."

रेश्मानं खिशातून मोबाईल काढला. मग तिनं काच पुसली. तोच बुरूज. तेच दगड, तोच पायऱ्यांचा वळसा. फक्त आज ती दुसऱ्याच अंगात उभी होती, जटा वाढवलेल्या साधूच्या. शंभूराजच्या साधूच्या. रोज तेल घालून झाल्यावरही हा साधू दिव्यापाशी उभा राहायचा. सगळे येऊन गेले की मगच हलायचा. तिला वाटायचं, शंभूभाऊजी मोठे शिस्तीचे.

"आवं अण्णा... हे तुमी करता?"

"मग कोन करतंय? शंभ्याला तकडं रेंज कुटाय? जाताना म्हनला, अण्णा, तेवढं बघा." अण्णा हसले तसा एक दात दिसला. "लय लांडगं मारलं बघ मी. जिंदगीत कोंबडी कापली न्हाई ह्या हातानं."

तिनं तेल घातलं. साधू वाकला, उठला. दिव्याच्या पाच वातींपैकी चार तेवायला लागल्या.

"झालं, अण्णा."

"कोन ऱ्हायलंय?"

पाचव्या वातीखाली नाव होतं. रेश्मानं ते वाचलं.

"जयराज."

"ईल." अण्णांनी डोळे मिटले. "रोज येतंय. आज उशीर झाला जरा. तू बघत ऱ्हा. आलं की सांग मला."

एकाला आठ मिनिटं कमी होती. काच काळी पडू नये म्हणून ती मधूनमधून बोट फिरवत राहिली. साधू एकटाच वाऱ्यात उभा होता आणि त्याच्यापुढं पायऱ्या मोकळ्या पडल्या होत्या. त्या पायऱ्यांवरून ती चारशे बारा वेळा चढून आली होती. वर कुणी वाट बघत असतं, हे तिला कधी दिसलं नव्हतं.

तिनं कमरेचा मोबाईल काढला. त्यावर पीठ वाळलं होतं, ते पदरानं पुसलं. डाव्या हातात अण्णांचा, उजव्या हातात आपला. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. अण्णांच्या काचेत पायऱ्यांखालून धनुष्याचं टोक वर आलं, मग डोकं, मग खांदे. धनुर्धारी सावकाश चढून आला. बुरुजावर आल्यावर त्यानं दिव्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. हे ती पहिल्या दिवसापासून करायची, दिव्यापुढं सरळ जाऊन उभं राहणं तिला बरं दिसत नसे. लांबून ते कसं दिसतं, ते आज कळलं. मग धनुर्धारी वाकला. पाचवी वात लागली.

"आला, अण्णा."

"फेरा घातला का?"

"घातला," ती म्हणाली. आणि मग तिनं वर पाहिलं.

अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. तोंडानं "राम कृष्ण हरी" सुरू झालं होतं.

बिरदेव आला तो पळतच, पायांना चिखल. हौदावर पाय धुऊन तो अण्णांच्या पायांवर वाकला, वीणा त्याच्या गळ्यात गेली आणि लगेच अण्णा त्याच्या पायांवर वाकले. नातवाच्या वयाच्या पोराच्या. बिरदेवनं मान खाली घातली, पण तो मागं सरला नाही. पहारा बदलताना वय बघत नाहीत. तार तेवढी एकदा अडखळली आणि पुन्हा वाजायला लागली.

अण्णा खांबाला धरून खाली बसले. रेश्मा त्यांच्या गुडघ्यांचे पट्टे सोडू लागली.

"तुमाला कवा कळलं?"

"मागल्या सालच्या शिमग्याच्या म्होरं." ते पाय हळूहळू सरळ करत होते. "जयराज म्हंजे घाई. देवळात बी दारातनंच हात जोडून पळणारं पोरगं. खेळात बी उड्या मारतच यायचा. आन एक दिवस बघतोय तर चालत आला आन दिव्याला फेरा घातला. म्हनलं, ह्यो काय जयराज न्हवं. कोनतरी बाई हाय घरातली."

"मग बोलला न्हाईसा?"

"काय बोलू? मी तर कुटं शंभ्या हाय?"

तिला हसू आलं. हसता हसता तिनं डोळे टिपले.

"शंभूभाऊजी इचारतात का हो, दिव्याचं?"

"आदी इचारायचा. आता सा म्हैनं झालं, नावबी काढत न्हाई. आन तुजा?"

"तेबी न्हाई. ठाण्यावरनं फोन आला की मीच सांगते, आज इतके झाले म्हणून. हां हां म्हणतात."

मांडवातून पंगतीसाठी पाट मांडल्याचा आवाज येत होता.

"मग कशापायी करता, अण्णा? एवढं गुडघं दुखत्यात, डोळ्याला दिसत न्हाई. सोडायचं हुतं."

"सोडत हुतो की. दोनदा सोडायचं ठरीवलंच हुतं." त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं. "पन बाराला वाटायचं, ती फेरा घालणारी ईल. एवढ्या पायऱ्या चढून ईल आन वर अंधार दिसंल तिला."

रेश्मा पट्ट्याची गुंडाळी करत राहिली. झाली तरी पुन्हा उलगडून करत राहिली.

"मी आज सोडणार हुते," ती शेवटी म्हणाली.

"ठावं हाय. साडेबारा झालं तरी भाकरीच थापत हुतीस. हितनं दिसतोय मांडव." अण्णांनी तिचा उजवा हात पाहिला, सुजलेला अंगठा पाहिला. "दमलीस. बग, एकट्यानं ईणा सात दीस कोन धरंल? देव झाला तरी खाली ठिवंल. उद्याच्याला तुजा मोबाईल माज्याकडं दे. परवा माजा तुज्याकडं. लांडगं बी वाटून घिऊ."

"उद्या काल्याचं कीर्तन हाय, अण्णा. तुमी कीर्तन सोडून लांडगं मारणार?"

"भोंग्यावर ऐकू येतंय की. मी लिंबाखाली बसतो."

तिनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. आपण आधी वाकावं म्हणून ती पुढं झाली, पण अण्णा बसल्या जागेवरून आधीच वाकले होते. त्यांचा हात तिच्या पावलाला लागला. ती दचकली, पाय मागं घेणार होती.

तिनं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन दहाला उभं राहिलं. रेश्मा बायकांत पुढं बसली होती. बुवांचा आवाज सहा दिवसांनी बसला होता, तरी गोड लागत होता. दृष्टान्त संपता संपता ऊन मांडवाच्या कडेला आलं, आणि तिचा हात आपोआप कमरेकडं गेला. तिथं काही नव्हतं. तिनं मान वळवली. दूर लिंबाखाली जोतिबा अण्णा दोन्ही गुडघ्यांवर दोन मोबाईल ठेवून बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एक बोट हवेत सावकाश गोल फिरवत होते. फेऱ्याचा अंदाज घेत असावेत.

बुवांनी गजर धरला. टाळ वाढले.

"आज जागी हायस व्हय?" हरणाबाई कानाशी लागून म्हणाली.

रेश्मा दोन्ही हातांनी टाळी धरत होती.